ढवळ्याचं शिंग

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वरठीत काही घरी अजूनही बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने तूप-हळद लावायची, वर्षभर जू वाहिलेला खांदा हलक्या हातानं चोळायचा आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा कारखाना यांमुळे बाहेरच्या लोकांना वरठी म्हणजे रेल्वे आणि पोलाद एवढंच ठाऊक. पण त्याच्या पलीकडे धानाच्या बांध्या आहेत. ट्रॅक्टर दारात आले, तरी काही कोठ्यांत अजून बैलजोडी उभी आहे. यंदा शेजारच्या वहिनींच्या कोठ्यात मी खांदशेकणीला गेले होते. त्यांच्या ढवळ्याला आता एकच शिंग आहे. जे नाही, त्या दुसऱ्या शिंगाची ही गोष्ट.

मैत्रिणींनो, महिलांच्या पानावर बैलाच्या आजाराचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण शेण काढणारी कोण? पाणी पाजणारी, तणीस टाकणारी, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा जनावराच्या तोंडाकडे पाहणारी कोण? बहुतेक घरांत आपणच. म्हणून हा आजार सर्वांत आधी दिसतो तोही आपल्यालाच. प्रश्न एवढाच, की दिसलेलं आपण बोलतो का, आणि बोललेलं कोणी ऐकतं का.

आईनं आधी पाहिलं होतं

मागच्या वर्षी मृगाच्या सुमाराला वहिनी एके सकाळी माझ्याकडे आल्या. बचत गटाच्या वहीवर सही करता करता म्हणाल्या, "ताई, ढवळ्याचं काहीतरी बिनसलं जी. खाता खाता मुंडकं झटकते. शिंग खांबाले घासत रायते."

मी विचारलं, "भाऊंना सांगितलं?"

"सांगतलं ना. ते म्हणते माशा लागत असन."

"आणखी काही दिसलं?"

त्या जरा थांबल्या. "काल पाणी पाजताना उजव्या नाकातून रगत आलं थोडं. एकाच नाकातून."

ते ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी नववीत असताना साकोलीकडे माझ्या माहेरी असंच झालं होतं. पांढरा, लांब शिंगांचा बैल. आईनं कितीदा सांगितलं, "ह्याचं शिंग गरम लागते." बाबा म्हणाले, दुसऱ्या बैलाशी झुंजला असेल. मग गावातल्या एका जाणत्याला बोलावलं. त्यानं शिंगाच्या बुडाशी चुना-हळद भरली, वरून रॉकेल ओतलं आणि चिंधी बांधली. दोनतीन महिने असेच गेले. शिंग एका बाजूला कललं, हलायला लागलं आणि एका दुपारी दाव्यात अडकून गळून पडलं. आत फुलकोबीसारखं लाल मांस वाढलेलं होतं. त्यात किडे झाले. वास इतका, की कोठ्यात पाय ठेववत नव्हता. तरी आई रोज सकाळ-संध्याकाळ पदर नाकाला लावून ती जखम धूत होती. दिवाळीच्या आधी बैल गेला. त्या वर्षी बाबांनी उसनी जोडी आणून नांगरणी केली आणि माझ्या दहावीच्या फीसाठी आईनं पायातल्या तोरड्या मोडल्या.

त्या आजाराचं नाव मला खूप वर्षांनी कळलं. शिंगाचा कॅन्सर. कातडीच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशींपासून होणारा हा कॅन्सर आहे आणि आपल्या देशी बैलांमध्ये तो नवा नाही. जगात या आजाराच्या सर्वाधिक नोंदी झाल्या त्या भारतातच.

शिंगाच्या आत काय असतं?

आपण शिंगाला निर्जीव समजतो. नखासारखं, काठीसारखं. बाहेरचं टरफल खरंच नखाच्या जातीचं असतं. पण त्याच्या आत हाडाचा गाभा असतो, आणि टरफल व हाड यांच्यामध्ये रक्तवाहिन्या असलेला जिवंत थर असतो. मोठ्या जनावरात हा हाडाचा गाभा आतून पोकळ असतो. ती पोकळी कपाळाच्या पोकळीला जोडलेली असते आणि कपाळाची पोकळी नाकाला. म्हणून दुखणं शिंगात असलं, तरी रक्त नाकातून येतं, आणि ज्या बाजूचं शिंग त्याच बाजूच्या नाकपुडीतून. वहिनींनी सांगितलेली "एकाच नाकातून" ही खूण म्हणूनच मोलाची होती.

हा कॅन्सर पोकळीच्या आतल्या अस्तरातून सुरू होतो. सुरुवातीला बाहेर काहीच दिसत नाही. आत गाठ वाढते, हाड पोखरते. शिंगाचं बूड गरम आणि मऊ लागतं, हात लावू दिला जात नाही. बैल डोकं झटकतो, दुखऱ्या बाजूला मान कलती धरतो, शिंग खांबावर घासतो. मग शिंग कलतं, हलतं आणि शेवटी गळतं. आमच्या माहेरच्या बैलाचं झालं ते हेच. आणि आम्ही जागे झालो ते शेवटच्या पायरीला.

हा आजार मुख्यतः बैलांना, म्हणजे खच्ची केलेल्या नरांना होतो. गायींना कमी, म्हशींना तर फारच क्वचित. साधारण पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयातल्या बैलांत तो जास्त दिसतो. पांढऱ्या-करड्या रंगाच्या आणि लांब, जाड शिंगांच्या जातींत अधिक. त्याचं एकच एक कारण सांगता येत नाही. अभ्यासकांनी अनेक गोष्टींवर बोट ठेवलं आहे. खच्ची केल्यामुळे शरीरातल्या संप्रेरकांत होणारा बदल, कडक ऊन, शिंगांना होणाऱ्या जखमा, जुवाची आणि दोरीची सततची घासणी, शिंगं तासणं आणि त्यांना रासायनिक रंग लावणं. यातलं ऊन आपण टाळू शकत नाही. पण तासणं, रंगवणं आणि दोरी आवळणं आपल्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाका. हा आजार लागट नाही. शेजारी बांधलेल्या बैलाला लागत नाही, जखम धुणाऱ्या बाईला लागत नाही. आणि तो कोणाच्या नजरेनं किंवा करणीनंही होत नाही.

"बाजारात काढून टाका"

मी वहिनींना म्हटलं, आज उद्या करू नका. १९६२ या टोल-फ्री नंबरवर फोन केला, तर सरकारी फिरतं पशुचिकित्सा पथक दारी येतं. भाऊ सुरुवातीला नाराज होते. "नाकातून रगत तं कशानंही येते," त्यांचं म्हणणं. तेही अगदीच चूक नव्हतं. नाकाला मार लागला तरी रक्त येतं. आपल्या धानपट्ट्यात साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमधून जनावरांना नाकातल्या कृमींचा आजार होतो, त्यातही नाकात गाठी होतात, शेंबूड-रक्त येतं आणि जनावर घोरायला लागतं. म्हणून तर तपासणी हवी. घरबसल्या अंदाज नको.

डॉक्टर आले. त्यांनी आधी ढवळ्याच्या दोन्ही शिंगांवर बोटांनी टकटक केली. डाव्या शिंगाचा आवाज पोकळ, रिकाम्या मडक्यासारखा. उजव्याचा भरीव, ठस्स. वहिनींनी आणि मीही कान देऊन ऐकलं. फरक आमच्याही लक्षात आला. मग त्यांनी शिंगाचं बूड दाबलं, तसा ढवळ्या मागे सरकला. डॉक्टर म्हणाले, "लक्षणं कॅन्सरची वाटतात. पण अजून शिंग हललेलं नाही. वेळेवर बोलावलंत. शिंग बुडापासून काढावं लागेल."

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. रोवणी तोंडावर. चिखलणीला जोडी हवी. एका शिंगाच्या बैलाला बाजारात किंमत काय? संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली. त्यातल्या एकानं सल्ला दिला, "अजून काही दिसत नाही ना? येत्या बाजारात काढून टाका. दुसरा घ्या."

असा सल्ला देणारे वाईट नसतात. कर्जाचा हप्ता, हंगामाची घाई, सगळ्यांनी भोगलेलं असतं. भाऊंचं मनही तिकडे झुकलं होतं. दाराच्या चौकटीत उभ्या वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याच्या घरी जाईन, तिथली बाईही मायासारखीच असन. तिनं का म्हणून किडे धुवाचे? अन् ढवळ्यानं आपल्या घरी सहा वरस नांगर ओढला तो?"

ओट्यावर कोणी काही बोललं नाही. मी कायद्याची आठवण करून दिली. आजारी, जखमी जनावराला कामाला जुंपणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. म्हणजे विकत घेणाराही त्याला राबवू शकणार नाही. पण खरं सांगू? भाऊ कायद्यानं वळले नाहीत. वहिनींच्या त्या एका वाक्यानं वळले. चिखलणीला ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायचं ठरलं. बचत गटातून वहिनींनी कर्ज उचललं.

तारेची करवत आणि सदाफुली

ऑपरेशन कोठ्याजवळच्या आंब्याखाली सकाळीच झालं. मला वाटलं होतं बैल ओरडेल, तडफडेल. तसं काही झालं नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग डोळ्यापासून शिंगाकडे जाणाऱ्या नसेजवळ सुन्न करणारं इंजेक्शन. आपल्याला दात काढताना देतात तसंच. शिंगाच्या बुडाभोवतीची कातडी कापून बाजूला केली आणि तारेच्या करवतीनं शिंग मुळापासून काढलं. खाली कपाळाच्या पोकळीचं भोक दिसत होतं. खराब झालेलं सगळं काढलं, कातडी ओढून वरून शिवली. पट्टी घट्ट राहावी म्हणून तिचा वेढा डाव्या शिंगाला दिला. त्या दिवशी उरलेलं शिंग असं कामाला आलं.

काढलेल्या मांसाचा तुकडा तपासणीला पाठवला. माणसाची करतात तशी ही बायोप्सी. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, हे ठामपणे सांगता येत नाही. आपल्या विदर्भाचं भाग्य असं, की १९५८ पासून नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २००० साली तिथेच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. अवघड केस असली तर भंडाऱ्याहून नागपूर काही लांब नाही.

अहवाल आला. कॅन्सरच होता. डॉक्टरांनी मग औषधाच्या इंजेक्शनांचा कोर्स सांगितला, आठवड्याला एक. नाव व्हिन्क्रिस्टीन. त्यांनी सहज सांगितलं, "हे औषध तुमच्या अंगणातल्या झाडापासून निघतं." आम्ही अंगणात पाहिलं. तुळशीवृंदावनाशेजारी सदाफुली फुललेली.

सदाफुली मूळची मादागास्करची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक तिचा अभ्यास करत होते. मधुमेहावर तिचा उपयोग होतो का, हे बघता बघता त्यांना तिच्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य सापडलं. ते व्हिनब्लास्टिन. थोड्याच काळात त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टीनही मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आज ते वापरलं जातं आणि जनावरांच्या कॅन्सरवरही. पण म्हणून कोणी सदाफुलीचा पाला बैलाला चारू नका, की वाटून जखमेवर लावू नका. ते झाड विषारी आहे. औषध वेगळं, पाला वेगळा. हे इंजेक्शनसुद्धा शिरेतच द्यावं लागतं. शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं. म्हणून ते डॉक्टरांच्याच हातून घ्यावं. त्या दिवसांत जनावराचं शेण-मूत काढताना हातमोजे घालावेत आणि घरातल्या गरोदर बाईनं ते काम करू नये.

घासणीचा आजार, आपलाही

डॉक्टर सांगत होते, या कॅन्सरला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात. कातडीचा आणि तोंड-घशाच्या अस्तराचा एक कॅन्सर याच जातीच्या पेशींचा. खर्रा खाणाऱ्यांच्या गालफडात होतो तो बहुतेक वेळा हाच. ते ऐकून मला वर्ध्याची बातमी आठवली.

२०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायकांच्या केसेस ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. एक सत्तर वर्षांची. कमरेवर दीड वर्षापासून न भरणारी जखम, बरोबर जिथे परकराची नाडी बसते तिथे. दुसरीही साठी ओलांडलेली. ती परकर न घालता लुगडं नेसायची, चाळीस वर्षं, कमरेला घट्ट आवळून. तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्या जखमेत कॅन्सर निघाला, आणि तो याच जातीचा. कारण काय, तर रोजचा दाब, रोजची घासणी. कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. वर्षानुवर्षं असं चाललं की काही जणींच्या बाबतीत पेशी बिथरतात.

काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात. तिथे पोटा-मांड्यांच्या कातडीला होणारा कॅन्सर कांगडी कॅन्सर म्हणूनच ओळखला जातो. आणि १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा या संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून कातडीचा कॅन्सर होतो, हे दाखवून दिलं होतं. एकदा लावून नाही, पुन्हा पुन्हा लावून. हे वाचल्यापासून पोळ्याच्या आधी शिंगं काचेनं खरवडून त्यांना ऑइलपेंट फासताना पाहिलं, की मला बरं वाटत नाही. रंगामुळेच कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही. पण शंका असलेली गोष्ट आपण दरवर्षी हौसेनं का करावी? हळद, गेरू, बेगड, झेंडूच्या माळा, घुंगरं यांनी बैल काय कमी शोभतो?

वहिनींना मी कमरेच्या जखमेचं सांगितलं, तर त्यांनी पदर सावरत हळूच कमरेवर हात फिरवला. म्हणाल्या, "काळा वळ तं माया कमरेलेही हाये जी." नुसता काळा वळ म्हणजे कॅन्सर नव्हे. तो कितीतरी जणींना असतो. पण नाडी सैल बांधा, रुंद पट्टीची करा, बांधायची जागा रोज थोडी वरखाली करा. आणि तिथे जखम होऊन ती तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. बैलाचं दुखणं आपण दहा जणांना सांगतो. स्वतःचं मात्र पदराखाली ठेवतो.

काय बघायचं, काय करायचं

जनावराच्या कातडीवर आलेली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, हेही सांगायला हवं. वासरांच्या अंगावर येणारे चामखीळ विषाणूमुळे येतात आणि बहुधा आपोआप झडतात. २०२२ मध्ये राज्यभर लम्पीनं थैमान घातलं, तेव्हा अंगभर गाठी आल्या होत्या. तो विषाणूजन्य, लागट आजार. कॅन्सरशी त्याचा संबंध नाही. त्याची लस असते, ती टोचून घ्यायलाच हवी. खांद्याला जुवानं आलेली सूज हीसुद्धा वेगळी गोष्ट. जू नीट बसवलं आणि विसावा दिला तर ती उतरते.

मग लक्ष कशाकडे द्यायचं? बैल सारखं डोकं झटकतो का, मान एका बाजूला कलती धरतो का, शिंग घासतो का, ते बघा. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण वाहते का, ते बघा. आठवड्यातून एकदा दोन्ही शिंगांच्या बुडाला हात लावा. एक गरम, एक गार असं लागतं का? टकटक करून ऐका. दोन्हींचा आवाज सारखा आहे का? गायीच्या, विशेषतः ज्यांच्या पापण्यांची कातडी पांढरी-गुलाबी असते अशा संकरित गायींच्या, डोळ्यांकडेही लक्ष द्या. उन्हामुळे अशा डोळ्यांत, पापणीच्या कडेला कॅन्सर होऊ शकतो. सुरुवात होते ती छोट्याशा पांढरट ठिपक्यानं, सतत गळणाऱ्या पाण्यानं. ठिपका असतानाच तो काढता येतो. वाढला तर डोळा जातो. अशा गायीला भर दुपारी सावलीत बांधा. भाजल्याची, डागल्याची जुनी खूण पुन्हा पिकायला लागली तर तीही दाखवून घ्या. आणि मुळात डागण्या देणं थांबवा.

शिंगाच्या बुडाला दावं आवळून बांधू नका. शिंगं खोलवर तासू नका. जखमेत चुना, रॉकेल, बॅटरीची पूड भरू नका. किडे मारायला म्हणून घातलेल्या या गोष्टींनी चांगलं मांसही जळतं, आणि वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत. शिंगाच्या कॅन्सरमध्ये सगळा खेळ दिवसांचाच आहे. गाठ शिंगापुरती आहे तोवर शिंग काढून बैल वाचू शकतो. कपाळात, डोक्यात पसरली, की डॉक्टरांच्याही हातात फार काही उरत नाही. ऑपरेशन झाल्यावरही काही बैलांत आजार उलटतो, म्हणून पुढे वर्षभर ती जागा बघत राहावी लागते.

तोरणाखाली

ढवळ्याची जखम भरायला दीड महिना गेला. माशा बसू नयेत म्हणून वहिनींनी कोठ्याच्या दाराला जुन्या मच्छरदाणीचा पडदा लावला होता. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग त्याच करत. डॉक्टरांनी एकदाच दाखवलं आणि त्यांनी ते असं उचललं, की डॉक्टर म्हणाले, आमच्या कंपाउंडरला तुमच्याकडे शिकायला पाठवतो. मागच्या पोळ्याला ढवळ्या घरीच राहिला. यंदा रोवणीच्या आधी तो पुन्हा चिखलात उतरला. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण.

यंदाच्या पोळ्याला त्याला तोरणाखाली न्यायचं की नाही, यावर घरात बोलणं झालं. वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "शिंगमोड्या बैल तोरणाखाली नेत नाही. लोक नावं ठेवतीन." आदल्या संध्याकाळी, मी सांगितलं ना, खांदे शेकायला मीही होते. वहिनी पळसाचं पान तुपात बुडवून ढवळ्याच्या खांद्यावर फिरवत होत्या. फिरवता फिरवता त्यांचा हात वर गेला, जिथे शिंग होतं तिथे. तिथली कातडी आता गुळगुळीत झाली आहे, बारीक केसही आलेत. ढवळ्यानं मान हलवली नाही. डोळे मिटून तो उभा राहिला.

सासूबाई दारातून बघत होत्या. जरा वेळानं आत गेल्या आणि झेंडूची एक जास्तीची माळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "तिथं रिकामं दिसते. हे कपाळावरून आडवी बांधजो."

दुसऱ्या दिवशी ढवळ्या तोरणाखाली उभा होता. डाव्या शिंगाला बेगड, उजवीकडे झेंडू. ऑइलपेंट या वर्षी कोणत्याच शिंगाला नव्हता. गर्दीतल्या एका पोरानं विचारलं, याचं एक शिंग कुठे गेलं? भाऊ म्हणाले, "कॅन्सर झाला होता. हिनं वेळेवर पाहिलं."

वहिनी तिथेच मागे उभ्या होत्या, हातात आरतीचं ताट घेऊन. त्यांनी ते ऐकलं. मला माझ्या आईची आठवण झाली. तिनंही वेळेवर पाहिलं होतं.